शेजारच्या गावात केलेली चौकशी

आमच्या मेहनाजला अमेरिकेतल्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली, तेव्हा तिचे अब्बा हलवा आणायचा सोडून नकाशा घेऊन बसले. शाळा हॅरोबी काउंटीत. काउंटी म्हणजे आपला तालुका. या तालुक्यात माणसं चार हजार, गायी चाळीस हजार आणि समुद्र हजार मैलांवर.

“मग पोरीनं खायचं काय?” रत्नागिरीच्या माणसाला दुसरा प्रश्न सुचत नाही.

गुरुवारपर्यंत होकार कळवायचा होता. मेहनाज अठ्ठावीस वर्षांची, पण अब्बा हो म्हणाल्याशिवाय सही करणार नव्हती. आणि अब्बा इथे ओमानात, सोहारच्या पोलाद कारखान्यात स्टोअर सांभाळतात. दहा वेळा कागद बघितल्याशिवाय एक नटबोल्ट बाहेर सोडत नाहीत, पोरगी कुठली सोडायला!

आठवडाभर घरात काउंटीच काउंटी. दक्षिणेला वाळूच्या टेकड्या, उत्तरेला गहू. नदी एकच, तीही उन्हाळ्यात कोरडी. “ही तर आपल्या ओमानातल्या कोरड्या नदीसारखी वादी,” हे म्हणाले. “पाऊस आला की गाडी वाहून नेईल.” मला माझ्या सासरच्या जमिनीच्या हद्दी आजवर कळल्या नाहीत, हॅरोबीच्या मात्र चारी पाठ झाल्या.

मग चौकशी. आमच्यात स्थळाची चौकशी त्याच गावात करत नाहीत. आपल्या पोराला कोण वाईट म्हणेल? शेजारच्या गावात करतात. म्हणून यांनी शाळेचं गाव मिलराइट सोडून सात मैलांवरच्या ऑस्बीच्या वाचनालयात फोन लावला. आमची संध्याकाळची मगरिबची नमाज झालेली, तिथे सकाळ. फोन उचलला तो एक्क्याऐंशी वर्षांच्या डोरीनबाईंनी.

“मिलराइटचे लोक कसे आहेत?” यांनी विचारलं.

“चोर आहेत,” बाई म्हणाल्या. जणू या फोनचीच वाट बघत होत्या. काउंटीची कचेरी मूळची ऑस्बीची. एकदा ऑस्बीचे झाडून सगळे कापणीला गेलेले बघून मिलराइटवाल्यांनी दफ्तर, शिक्के, कपाटं घोडागाडीत घातली आणि कचेरी आपल्या गावात थाटली.

“खलास!” फोन ठेवून हे गरजले. “चोरांच्या गावात माझी पोर जाणार नाय.”

“अब्बा, पण ही चोरी एक्झॅक्टली कधी झाली?” मेहनाजने विचारलं.

नेमकं तेवढंच विचारायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, या वेळी स्पीकर लावून.

“अठराशे सत्त्याऐंशी,” डोरीनबाई म्हणाल्या.

“आणि त्यानंतर?”

बाई घुटमळल्या. त्यानंतर तसं काही नाही. उलट वादळात ऑस्बीची छपरं उडाली, तेव्हा पहिलं जेवण मिलराइटहूनच आलं. “कचेरी मात्र परत दिली नाही,” त्यांनी लगेच जोडलं.

मला हसू आवरेना. आमच्या गावी आंब्याच्या एका फांदीवरून दोन मोहल्ले अजून बोलत नाहीत. शेजाऱ्याने एवढी तारीफ केली म्हणजे स्थळ सोन्यासारखं!

तेवढ्यात बाईंनीच उलटी चौकशी सुरू केली. “आमच्याकडे शिक्षक येतात आणि वर्षात पळतात. मुलं बिचारी दर वर्षी तेच गणित पहिल्यापासून शिकतात. तुमची मुलगी टिकेल का?”

हे ताठ बसले. खानदानाचा प्रश्न होता. “मॅडम, मी सोहारला दोन वर्षांसाठी आलो होतो. तेहेतीस वर्षं झाली. आमच्यात कोणी पळत नाही.”

“म्हणजे हो ना, अब्बा?” म्हणत मेहनाज लॅपटॉपकडे धावली. सहीसुद्धा करून टाकली.

फोन ठेवून हे पुन्हा नकाशा उघडून बसले. दोन वर्षांत परत येतो, असं माझ्या सासूला सांगून निघाले होते. आपण कसली हमी देऊन बसलो, ते आता त्यांना कळलं आणि मलाही.

“अगो अमीरुन, त्या बाईला परत फोन लावू?”

“आणि काय सांगणार?”

“पोरगी पळपुटी आहे म्हणून.”