अस्तरवाली

"पोट आत घे, पोरी. अजून. हं, आता धर श्वास!"

बतूलनं कमरपट्टा आवळला तशी नजात कळवळली. "खाला, उकडतंय हो. आतनं नुसती निथळतेय मी."

"निथळ खुशाल. तोंडावर दिसता कामा नये."

मी इस्त्री बाजूला ठेवली आणि नजातच्या मानेवरचा घाम टिपला. मी जुबैदा, बतूलची नणंद. ती नवऱ्या सजवते, मी इस्त्री करते, टाके घालते आणि तोंड चालवते. खाली आसफीच्या बंदरापासून वर कुंभारांच्या टेकडीपर्यंत गरिबाघरचं लग्न ठरलं, की मुलीची आई आधी आमच्या दाराशी येते. येत असे, म्हणायला हवं आता.

लग्नात नवरीनं सात वेळा पोशाख बदलून मांडवात यावं ही आमच्याकडची हौस. भाड्याचा एक बरा काफ्तान, नवरीचा पायघोळ झगा, म्हणजे कारखान्यातल्या पोरीचा महिन्याचा पगार. नजात सार्डिनच्या कारखान्यात मासळीची डोकी छाटायची. आठवडाभर आम्ही तिचे हात लिंबू-मिठानं घासले, नारिंगीच्या फुलांचं पाणी ओतलं. मेंदी छान रंगली, पण वास काही गेला नाही.

मग सात पोशाख कुठून आणायचे? ही बतूलची करामत होती. तिचे काफ्तान दुहेरी होते. बाहेरून डाळिंबी लाल, आतून हिरवा. बाहेरून निळा, आतून सोनेरी. कडेला अशी जाड वेणी शिवलेली, की शिवण सापडायची नाही. तीन काफ्तानांत सहा पोशाख व्हायचे आणि सातवा साधा पांढरा. नवरीच्या झग्याला नगाफाखेरीज, म्हणजे सजवणाऱ्या बाईखेरीज, कुणी हात लावायचा नाही ही जुनी रीत. त्या रीतीच्या आडोशाला बतूलनं कितीतरी पोरींची अब्रू झाकली होती. दुहेरी कापडाचं गुपित त्या पोरी आणि आम्ही, एवढ्यांनाच ठाऊक.

लाल काफ्तानात नजात गच्चीवरच्या तंबूत आली तेव्हा मलाच भरून आलं. काय दिसत होती! बायकांनी जिभा हलवून उलूलू केलं. बतूलनं नवरीचं नाव पुकारलं, तिला उंच आसनावर बसवलं, झग्याचा घेर पायांवर पसरला. नजातनं मान खाली घातली. नवरीनं आसनावर मान वर करायची नसते, बोलायचंही नसतं.

"सहावा पोशाख!" कुणीतरी मोठ्यानं म्हणालं.

नवऱ्या मुलाची आई, हाज्जा इज्जा, चहाचा पेला हातात घेऊन पुढे आली. नवरा मुलगा मिलूद नजातच्या शेजारीच बसला होता. कुंभाराचा पोरगा, हात सोन्याचे, पण आईपुढे मातीचा गोळा.

"आमच्या थोरल्या सुनेचे चार झाले होते," इज्जा म्हणाली. "तिचा बाप कस्टममधला. आणि ही मासळीची डोकी छाटणारी. बाप नाही, आई तिथंच कामाला. मग एवढं आलं कुठून?"

"हाज्जा, चहा निवतोय तुमचा," मी म्हणाले.

"निवू दे. कारखान्याचा मुकादम भला माणूस दिसतोय. पोरींवर भारी जीव त्याचा."

ढोलकी थांबली. मिलूदनं बूट बघत बघत विचारलं, "नजात, कुणी दिलं हे?"

नजात बोलली नाही. तिनं बोलायचंच नव्हतं ना! पण इज्जाला तेवढं पुरलं. "ऊठ मिलूद. घरी चल. असली घाण मला दारात नको."

मिलूद उठला. खरंच उठला तो मेला! मांडवातून नवरा उठून गेला असता तर त्या पोरीला आसफीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. कारखान्यानंसुद्धा ठेवली नसती तिला.

बतूल पुढे झाली. मला कळलं ती काय करणार. मी म्हणाले, "वहिनी, नको." तिनं ऐकलं नाही. खाली वाकून तिनं नजातच्या झग्याची कड दोन्ही हातांनी धरली आणि साऱ्या बायकांसमोर उलटी करून धरली.

"बघा! हाच तो हिरवा, मघाशी तुम्ही वाखाणलात तो. निळ्याच्या आत सोनेरी आहे. सगळे माझे, सगळे जुने. कुणा मुकादमानं दिलेले नाहीत. पोरगी गरीब आहे हाज्जा, वाईट नाही."

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. मग शेजारची हसली, मग सगळा तंबू खिदळला. इज्जा तर डोळे पुसत पुसत हसली आणि नवरीचे गाल धरून मुके घेतले. "बरं झालं गं बाई, भिकारी निघालीस! बस रे मिलूद."

मिलूद बसला. ढोलकी सुरू झाली. तेव्हा नजातनं मान वर केली. इज्जाकडे नाही, नवऱ्याकडेही नाही, तिनं बतूलकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पांढरा पोशाख चढवताना ती एवढंच म्हणाली, "मला विचारायचं होतंत, खाला."

"पोरी, नाव गेलं असतं तुझं."

"आता मिळालं की नवीन."

खरंच मिळालं. सासरी तिला 'अस्तरवाली' म्हणू लागले. मग टेकडीवरची पोरंही म्हणू लागली. आणि आमच्या दाराशी येणं बंद झालं. एक आई आली होती, ती दारातूनच म्हणाली, "बतूल खाला, दोनच पोशाख चालतील, पण एका बाजूचे असू देत. हल्ली लग्नात बायका वाकून कड उलटून बघतात हो."

बतूलनं तिन्ही काफ्तान उसवले. मी ओरडले, "अगं, वेड लागलं का तुला? तुझी उमर गेली हे शिवण्यात!" ती म्हणाली, "दोन्ही बाजू बघून झाल्यात लोकांच्या." उसवल्यावर कळलं, सुटं कापड कसल्याच कामाचं नव्हतं. सगळीकडे सुयांची भोकं.

परवा मंडईत नजात दिसली. इज्जा पुढे, ही मागे, दोन्ही हातांत टोपल्या. बतूल हाक मारायला पुढे झाली. तेवढ्यात बंदरावरून वारा सुटला आणि नजातचा झगा फडफडला. तिनं टोपल्या तशाच चिखलात टाकल्या, खाली बसली आणि झग्याची कड दोन्ही हातांनी जमिनीशी घट्ट दाबून धरली.

"अस्तरवाली, बटाटे गेले की गं!" इज्जा ओरडली.

बटाटे घरंगळत आमच्या पायाशी आले. नजातनं कड सोडली नाही. साधा सुती झगा होता तो. त्याला अस्तरच नव्हतं.