हिरव्या रंगाखालचं कापड

डावा पंख, खालून

"इथं दाब," क्लेम म्हणाला. "दरवर्षी इथंच तर दाबतो आपण."

एनिडने टोच्या वर धरला. जाड पेनाएवढं हत्यार, आत स्प्रिंग, पुढे बोथट टोक. दोघांच्या सामाईक जुन्या विमानाच्या लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडावर टेकवायचं आणि हत्याराच्या दांड्यावरची लाल खूण झाकली जाईपर्यंत रेटायचं. स्प्रिंग पुरती दबली की आतून कट् असा आवाज येतो. तोवर कापडाने तग धरला, तर ते अजून जिवंत. टोक आत घुसलं, तर विमान त्या क्षणापासून जमिनीवर. नवं कापड चढेपर्यंत.

कट्.

कापड जागचं हललं नाही.

"बघ! ढोलासारखं आहे की!" क्लेमने पंखावर टिचकी मारली. "आता उगाच शंका काढत बसू नकोस, बाई. वरचा रंग तडकलाय, तो घासायचा, नवा मारायचा. मे महिन्यात हवेत."

रंगाचे डबे त्याने आधीच आणून ठेवले होते. 

विमानाच्या वार्षिक तपासणीला आलेला डेझमंड खिशात हात घालून उभा होता. इंग्लंडातल्या नॉरफकमधल्या शेतांतल्या धावपट्ट्यांवर त्याचा रिवाज सगळ्यांना ठाऊक होता. दुसऱ्याच्या विमानाला तो स्वतः कधी भोक पाडत नसे. मालकाने दाबायचं, त्याने बघायचं.

शेपटी, बाजूने

कट्.

"झालं?" क्लेमने विचारलं. फार घाईने विचारलं.

शेडचा मागचा कोपरा (इथं दाबायला काही नाही)

तिथे याच शेडमधल्या होरेसचं विमान होतं. म्हणजे विमानाच्या नुसत्या लाकडी बरगड्या. 'एका हिवाळ्याचं तर काम' म्हणून होरेसने एकदा सगळं कापड उतरवलं. आत लाकडाचा एक सांधा सुटलेला निघाला. तो नीट करायला घेतला तर दुसरा निघाला. मग त्याचा गुडघा गेला, मग बायको आजारी पडली, मग तो स्वतःच गेला. आता त्या पंखात चिमण्या राहतात.

"उतरवलेलं कापड परत चढत नाही," असं शेडमधले लोक हसत हसत म्हणायचे. होरेसच्या कोपऱ्याकडे पाठ करून.

क्लेमचे डोळे

त्याला मधलं दिसत नव्हतं. कडेचं दिसायचं, झाडं, कुंपण, लोकांचे कान. मधोमध धुरकट डाग. त्याला नॉरिचच्या इस्पितळात एनिडच घेऊन गेली होती, म्हणून तिला माहीत. डॉक्टर म्हणाली, हा उन्हाळा कसाबसा निभेल, पुढचं सांगवत नाही.

परतताना गाडीत क्लेमने काच खाली केली. मग म्हणाला, "कुणाला बोललीस तर बघ."

"आणि उडायचं कसं?"

"तुझ्याकडे परवाना आहे ना? समोरचं तू बघ. मी विमान बघतो."

रंग मारला, तर हा उन्हाळा त्याचा. कापड बदललं, तर त्यातच दोन हिवाळे जाणार, तोवर त्याचे डोळे गेलेले. भांडण रंगाचं नव्हतंच.

पण त्या कापडाच्या जिवावर हवेत दोघं लटकणार होती. वरची बाजू गडद हिरवी. इतकी वर्षं तिने ऊन खाल्लेलं, आणि आता रंगावर गोल गोल तडे, जणू कुणी आतून बोटं टेकवली आहेत. खालची बाजू पांढरी, कायम सावलीत. कुठलं कापड आधी कुजतं हे शेडमधलं कुत्रंसुद्धा सांगेल. तरी ती दोघं दरवर्षी खालूनच दाबत आली होती. शिडी कोण आणणार. वरचा रंग कोण खराब करणार. आणि जर टोक आत गेलं तर...

डावा पंख, वरून

"वर दाबलंय का रे कधी कुणी?" डेझमंडने विचारलं.

"वर डाग पडेल," क्लेम म्हणाला.

"रंगवायलाच निघालायस ना, म्हाताऱ्या? मग डागाची कसली भीती?"

एनिडने शिडी आणली. ती वर चढली. हिरव्या रंगावर टोक टेकवून तिने रेटायला सुरुवात केली. अर्ध्यावरच कापड खालून बारीक करकरलं, शिळ्या बिस्किटासारखं.

तिचा हात थांबला.

चाळीस वर्षं गावोगाव बाळंतपणं केलेला हात. कुठे थांबायचं हे त्याला न सांगता कळायचं. लाल खूण अजून उघडी होती. खाली उभ्या डेझमंडला ती दिसणं शक्य नव्हतं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

डेझमंडने मान डोलावली. आता क्लेमने ओरडून आनंद करायला हवा होता. त्याने केला नाही.

"उतर," तो म्हणाला.

"कशाला?"

"उतर म्हणतो ना. सुईणीसारखं दाबलंस तू. कट् झालं नाही."

"झालं की."

"एनिड, माझे कान शाबूत आहेत."

ती उतरली. टोच्या त्याने तिच्या हातातून जवळजवळ हिसकावला. शिडीची पहिली पायरी त्याने बुटाने चाचपून शोधली, दुसरीही. डेझमंडचे हात खिशातून बाहेर आले.

क्लेमने डाव्या हाताने पंख चाचपला, तड्यांचा खडबडीतपणा लागला तिथे टोक ठेवलं आणि सगळं वजन टाकलं.

कट् नाही. नुसता फस्स.

"गेला का आत?" क्लेमने विचारलं. तो थेट त्या भोकाकडेच पाहत होता.

डेझमंडने एनिडकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली. आता त्यालाही कळलं होतं.

"गेला," ती म्हणाली. "मुठीपर्यंत."

क्लेमने टोच्या बाहेर ओढला. मग त्याने भोकात बोट घातलं आणि ओढलं. कापड जुन्या वर्तमानपत्रासारखं टरटर फाटत गेलं.

"अरे क्लेम, पुरे! एक ठिगळ..."

"त्याच मोहाची भीती वाटते मला. उद्या सकाळी मीच ठिगळ घेऊन उभा राहीन." त्याने आणखी ओढलं. हिरवी पट्टी एनिडच्या खांद्यावर येऊन पडली. "शिडी धर नीट."

"डोळे कधीपासून?" डेझमंडने हळूच विचारलं.

"तू विमान तपासायला आलायस की मला? जा, चहा टाक."

डेझमंड गेला नाही. त्याने शिडीची दुसरी बाजू धरली.

"एनिड," क्लेमचा आवाज जरा खाली आला. "आतलं लाकूड कसं आहे गं? सांधा धरून आहे का?"

हाच प्रश्न होरेसने विचारला असेल. ती खोक्यावर चढली, फाटलेल्या जागी डोळा लावून आत बघू लागली. आत अंधार होता, धूळ होती, कापडावरच्या जुन्या लेपाचा गोडसर वास होता. बरगडी जिथे पंखाच्या मुख्य दांड्याला मिळते ती जागा अजून कापडाखाली होती.

"कळत नाही," ती म्हणाली, आणि पलीकडची कड तिने मुठीत धरली. "अजून फाडायला लागेल. तू तिकडून ओढ."