बाळारामचं नेट, लडकूचं नेट

नवरदेव एकदा हळदीच्या पाटावर बसला की हळद लागेपर्यंत उठायचं नाही, हे धोंडूबाईनं प्रितेशला बजावून सांगितलं होतं. धोंडूबाई म्हणजे धवलारीण. लग्नाची गाणी म्हणणार तीच, आणि लग्नात कायदा चालणार तोही तिचाच. त्यामुळे मंडपाच्या मधोमध उघड्या अंगानं बसलेल्या प्रितेशला समोरच्या टेबलावरचा कॉम्प्युटर दिसत होता, पण त्याला हात लावायची सोय नव्हती. आणि कॉम्प्युटरवर मृणालीताई काही दिसत नव्हती.

ताई मस्कतला होती. आठवा महिना, डॉक्टरनं विमान प्रवासाला सक्त मनाई केलेली. भावाची पहिली हळद बहिणीनं लावायची ही त्यांच्या घरची रीत. "लावता न्हाय आली तरी बघू तरी दे रे मला," असं म्हणून ती फोनवर रडली होती, आणि प्रितेशनं तिला शब्द दिला होता. आता तो शब्द पाण्यात जायची वेळ आली होती.

मोबाइलवर तिथे नुसतं बोलता यायचं, पण तारेच्या नेटला वास्तविक तोटा नव्हता. उलट दोन-दोन होती. खारबावच्या रस्त्याला प्रितेशचा बाप बाळाराम आणि त्याचा धाकटा भाऊ लडकू यांची घरं एकमेकांना चिकटून, मध्ये एकच भिंत. बाळारामच्या पत्र्याचं पाणी लडकूच्या अंगणात पडतं, एवढ्यावरून दोघांचं बोलणं बंद पडलं, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून भाऊ एकमेकांना पाण्यात पाहत. बाळारामनं टेलिफोनच्या तारेवरचं नेट घेतलं, तर आठ दिवसांत लडकूनं केबलवाल्याचं घेतलं. दोघांनाही कॉम्प्युटर सुरू कुठून करायचा ते ठाऊक नव्हतं, पण ओट्यावर बसून "आपल्या नेटसारखं नेट न्हाय" हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायला दोघेही तयार.

खरी गोष्ट अशी की बाळारामचं नेट गोगलगायीच्या चालीनं चालायचं. लडकूचं पळायचं झकास, पण केबलवाल्याचं मशीन नाक्यापलीकडच्या पॉवरलूमच्या लाइटवर चालायचं, ती लाइट गेली की तेही गुल व्हायचं. शेवटी प्रितेश आणि लडकूचा मुलगा भाविक, दोघांनी मिळून मुंबईहून एक डबा आणला. त्यात दोन नेट घालायची आणि दोन्ही घरांना मिळून वापरायची. एक गेलं तर दुसरं आपोआप चालू राहतं. वायर कुठून न्यायची हा प्रश्न होता, तो दोन्ही आयांनी सोडवला. स्वयंपाकघराच्या भिंतीत, फडताळाच्या मागे, बाप लोकांची नजर कधी पोचत नाही अशा जागी भोक पाडलं. जावाजावांचं वाटीभर कालवण मागच्या दारानं गुपचूप इकडे-तिकडे जात असे, त्यात वायरीची भर पडली. वर्षभर दोन्ही घरं एकमेकांच्या नेटवर सुखात होती आणि दोन्ही बाप आपापल्या नेटचं कौतुक करत होते.

आज मात्र घात झाला. हळदीचं बोलावणं लडकूला गेलं नव्हतं. बाळाराम म्हणाला, "घरच्याला बोलवणं कसलं?" आणि लडकू म्हणाला, "बोलवल्याबिगर जातंय कोण?" रागाच्या भरात तो बायकोला घेऊन सकाळीच अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडात अंघोळीला निघून गेला. जाताना शिस्तीनं घराचा मेन स्विच बंद केला, त्यात नेटही बंद पडलं, कुलूप लावलं आणि चावी कमरेला खोचली. भाविक तेवढा हळदीला मागे राहिला.

तरीही बाळारामचं नेट होतं. पण मंडपवाला खांब रोवत असताना बाळारामला हुक्की आली. "अजून वीतभर सरकव, लडकूच्या हद्दीपर्यंत! समजू दे त्याला." मंडपवाल्यानं सरकवला, पहार मारली, आणि त्याच जागी जमिनीखालून आलेली टेलिफोनची तार मधोमध तुटली.

"काय रं, दिसली का मृणाली?" बाळारामनं चौथ्यांदा विचारलं.

"बाबा, तार तुटली. आपलं नेट गेलं," प्रितेश पाटावरूनच म्हणाला.

बाळारामनं खांबाकडे पाहिलं, मग पहारीकडे. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हंजे माज्याच हातानं मी पोरीला..." प्रितेशला फार वाईट वाटलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"काकाचं नेट आलं तरी ताई दिसेल," तो म्हणाला. "दोन्ही नेट एकत्रच जोडलीयत. वर्ष झालं."

"म्हंजे मी वरीसभर लडकूचं नेट वापरलं?"

"अर्धं."

"आन् त्यानं माजं?"

"अर्धं. पण आता काकाच्या घराला कुलूप हाय, आणि माझा न् भाविकचा फोन तो उचलत न्हाय."

बाळारामनं खिशातून मोबाइल काढला आणि भाविककडून नंबर लावून घेतला.

"लडकू, मी बाळाराम."

पलीकडून नुसता पाण्याचा आवाज.

"माजी तार मीच तोडली. तुज्या हद्दीकडं खांब सरकवायला गेलो न् तुटली. मृणाली वाट बघतेय रं. तुजा स्विच चालू करायला ये."

फोन बंद झाला. लडकू येणार की नाही, कुणालाच कळेना. धोंडूबाईनं वेळ मारून न्यायला गाणी लांबवली. एक संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं. "नेट येऊ दे बाबा लवकर," ती मध्येच म्हणाली, "माजा गळा बसाय लागला." बायका हसल्या, पण प्रितेशचा जीव टांगणीला लागला होता.

अकलोलीच्या बाजूनं धूळ उडवत रिक्षा आली. लडकू बायकोसह उतरला तो खांद्यावर ओला पंचा, केस निथळत. कुणाकडे न बघता त्यानं कुलूप काढलं, खटकन् स्विच ओढला. टेबलावरच्या डब्याचा दिवा लुकलुकला, आणि थोड्या वेळानं पडद्यावर चौकोन चौकोन जुळत ताईचं तोंड तयार झालं. मंडपात एकच गलका उठला.

लडकू परत फिरणार, तेवढ्यात पडद्यातून आवाज आला. "काका! कुठं चाललास? माझ्या वाटची हळद कोण लावणार?"

"मी फक्त स्विचला आलो होतो गं," लडकू म्हणाला.

"मला खांद्यावर बसवून जत्रेत कोण फिरवायचं? माझ्या हाताऐवजी तुझाच हात पायजे. बाबा, ताट दे काकाला."

बाळारामनं हळदीचं ताट उचललं आणि भावापुढे धरलं. लडकूनं प्रितेशच्या दोन्ही गालांना हळद लावली. पंचा अजून ठिबकत होता, म्हणून त्याच्या डोळ्यांचं कुणाला कळलं नाही. मग हात पुसत तो मोठ्यानं म्हणाला, "बघितलंस? शेवटी माज्याच नेटवर दिसली पोरगी!"

"आन् लूमची लाइट गेल्यावर वरीसभर कुणाच्या नेटवर चालवलंस?" बाळाराम उसळला.

"तुजं नेट? त्यापेक्षा खारबावला चालत जाऊन निरोप सांगावा!"

"आन् तुजं तर निम्मा दिस झोपलेलं!"

दोघांचे आवाज चढत गेले. पाहुणे घाबरले, प्रितेशची आई मध्ये पडायला धावली. तेवढ्यात पडद्यावरून ताई ओरडली, "आई, त्यांना थांबवू नको!" ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "दोन वर्षं झाली. दोघांचा आवाज एकत्र ऐकलाच न्हाय मी. भांडू दे त्यांना. फक्त नेट बंद करू नका."