खोटा घास

खोटं असेल तर जीभ झडो माझी, यातला शब्द न् शब्द खरा आहे. कावळ्यासकट.

पितरांचे दिवस होते. जिवतीकडच्या एका गावात गुणाबाईनं वडे-भाताचा घास खालच्या कौलावर ठेवला, आणि काव काव करून घसा बसवून घेतला. कावळा फिरकेना. पोरगा गोपाल जाऊन वर्ष झालं होतं. दुसऱ्याच्या कपाशीवर औषध फवारायला गेला, भर वाऱ्यात पंप मारला, आणि सांजेला तोंडाला फेस. चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचेस्तोवर तो मायलासुद्धा ओळखेनासा झाला.

शेजारणी म्हणाल्या, पोराचा जीव कशात तरी अडकला असंल, कबूल कर काहीतरी त्याले.

पोरगी पुनम हैदराबादेत प्रयोगशाळेत होती. फवारणीचं विष तोडणारं एक प्रथिन तिथं माणसांनीच आखून घडवलेलं. भाऊ गेल्यापासून तिनं त्यातच डोकं घातलं होतं. आज ती त्या प्रथिनाचा फोटो मोबाइलवर घेऊन आली. प्रथिनाचा मिठासारखा खडा पिकवून, त्यातून क्ष-किरण सोडून काढलेला. गुंतलेल्या लोकरीसारखं काहीतरी, मधे खोबण, खोबणीत पिवळा तुकडा.

"हे त्याचं तोंड," पुनम म्हणाली. "अन् हा घास."

"गिळला का मंग?"

"नाई ना, आई. खरं विष देलं त लगेच तोडून टाकते, फोटोत सापडत नाई. म्हणून खोटा घास देला. विषासारखाच, पण तुटत नाई. तोंडात अडकून राह्यते. मंग समजते, घास कसा धरते ते."

गुणाबाई फोटोकडं पाहत राहिली. "हे असतं त गोपाल वाचला असता?"

"काचेच्या नळीत चालते, आई. माणसात अजून नाई. कधी चालन, मले नाई माहीत."

गुणाबाईनं मोबाइल घेऊन घासाशेजारी उभा केला. "पाह्य बापू, तुह्या बहिणीनं विष खाणाऱ्याचं तोंड त शोधलं. पुढचंबी करन ते. आता खाऊन घे."

तसा कावळा उतरला. एका डोळ्यानं फोटो पाहिला, दुसऱ्यानं गुणाबाईला, आणि घास घेऊन उडाला.

बरं, कावळा तेवढा मी घातला. आलाच नाही तो. वरच्या शेतात फवारणीचा पंप चालू होता. अंधारलं तसा गुणाबाईनं मोबाइल काढला, पदरानं पुसून पुनमच्या हाती दिला. घास वरच राहू दिला.