गळकी छागल

मित्रांनो, छागल म्हणजे काय, ते आता तुम्हाला आजोबांनाच विचारावं लागेल. जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी, तीच मी. नागपुरात नत्थूजींनी मला शिवलं आणि धरमपेठेतल्या शाळेचे भैय्याजी मास्तर मला खांद्यावर मिरवू लागले. माझं गार पाणी माठालाही लाजवी! पण मास्तरांनी मला कधी वाळवून ठेवलं नाही. कोपऱ्यातली शिवण कुजली आणि मी थेंब थेंब गळू लागले.

१९७४ चा मार्च होता. मास्तर, त्यांच्या शाळेतल्या यमुताई आणि पुण्याहून नुकत्याच रुजू झालेल्या प्रेमिलाबाई रामटेककडच्या तीन टेकड्या धारेधारेनं, म्हणजे माथ्यामाथ्यावरून, पार करायला निघाले. दुसऱ्या माथ्यावर प्रेमिलाबाईंचा पाय मुरगळला. मला त्यांच्यापाशी झाडाखाली ठेवून दोघं तिसऱ्या माथ्यावर पुढचा रस्ता शोधायला गेले.

तासाभरानं वाऱ्यावरून यमुताईंची हाक आली, "प्रेमिलाऽ, आम्ही उतरून राहिलो वं!"

नागपूरकराला विचाराल, तर याचा अर्थ 'उतरतोय, येतोच'. पुण्याच्या बाईंना वाटलं, दोघं खाली उतरले आणि तिथेच राहिले. त्यांचे डोळे भरून आले. मला खांद्याला अडकवून त्या लंगडत घळीकडे उतरू लागल्या. मी अडवणार तरी कशी?

मुरूम निसटला. बाई घसरत गेल्या आणि एका झुडपाला धरून लोंबकळल्या. खाली सरळ कडा. झुडपाची मुळं एकेक करून सुटत होती. त्यांच्या हाका वारा उडवून नेत होता. मी मात्र गळतच होते. बाईंचं उरलंसुरलं पाणी मातीत घालवताना मला माझीच लाज वाटत होती.

इतक्यात वरून मास्तरांचा आवाज आला, "यमुताई, बाई गेल्या कुठं? अन् हे पाहा, धुळीत थेंब! छागल गळून राहिली! इकडे चला!"

थेंबांमागोमाग दोघं घळीत आले. मास्तरांनी लाज सोडली, धोतरही सोडलं, आणि त्याचं टोक खाली टाकलं. बाईंनी ते धरलं तेवढ्यात झुडूप उन्मळून कड्याखाली गेलं. दोघांनी मिळून त्यांना वर ओढलं.

"काहून उतरल्या तुम्ही?" मास्तर ओरडले.

"तुम्हीच उतरून राहिलात ना?"

"अहो बाई, राहिलो कुठं? येऊन राहिलो होतो!"

प्रेमिलाबाईंना रडता रडता हसू फुटलं. यमुताई मात्र बराच वेळ त्यांचा हात सोडेनात.

मित्रांनो, छागल वाळवून ठेवत जा, हे तर मी सांगणारच. पण दुसऱ्याची बोली कळली नाही, तर पुन्हा एकदा विचारा. त्यात कसला आलाय कमीपणा? त्या दिवशी निभावलं. दर वेळी छागल गळकी असेलच असं नाही.