बेटावरची कुत्री

हिमनदीवरचं तळं यंदा जूनमध्येच रिकामं झालं. एरवी ते जुलैअखेर जातं, म्हणून आम्ही निवांत. नवऱ्याला मी सांगत होते, "पाविया, कुत्र्यांना मांस टाकून ये." तर म्हणे, "उद्या जातो गं. पोटं भरलेली आहेत त्यांची." ह्याचा उद्या कधी उजाडलाय!

उन्हाळ्यात बर्फावरची घसरगाडी ओढायची नसते, म्हणून आम्ही कुत्री समोरच्या बेटावर सोडतो. होडीनं जायचं, सीलचं मांस फेकायचं, परत यायचं. पण तळ्याचं पाणी भेगेतून थेट हिमनदीच्या बुडाशी गेलं आणि ती त्यावरून घसरायला लागली. तिचं तोंड मोडून मोडून खाडीत पडत राहिलं. आम्ही आणि बेट यांच्यामध्ये घराएवढाले तुकडे, बाकी चुरा, आणि सगळं हलतंय. होडी शिरेना, पाय ठेववेना.

शेजारचा म्हातारा सिव्हर्ट म्हणाला, "पाण्याला खाली वाट सापडू दे. बोगदा पडला की पाणी वाहून जाईल, बर्फ परत बूड टेकेल, तुकडे पडायचे थांबतील."

"आणि तोवर कुत्र्यांनी काय खायचं? तुझं टक्कल?" मी खेकसले. बिचाऱ्याच्या तरी हातात काय होतं?

कुत्री रात्रंदिवस रडत होती. पावियाच्या घशाखाली घास उतरेना. म्होरकी अर्नाक तर आमच्या स्वयंपाकघरात वाढलेली, ह्यानं बोटानं चरबी चाटवून जगवलेली. मग रडण्याचा आवाज बारीक झाला, तसा तो उठून काठावर गेला. मी दुर्बीण घेऊन मागोमाग.

"अर्नाक!" तो ओरडला. "येतोय गं मी! धीर धर!"

अरे देवा! नुसता दिलासा द्यायचा होता त्याला. पण त्या आवाजाचा तिला एकच अर्थ ठाऊक, धन्यानं बोलावलं. ती खडकावरून उतरली आणि बर्फावर आली. मागून सगळी रांग, हाडं दिसत होती एकेकाची. ह्या तुकड्यावरून त्या तुकड्यावर उड्या मारत निम्म्यापर्यंत आली. एवढ्यात त्यांच्या पुढ्यातला भला मोठा तुकडा कलायला लागला.

"बस! बस खाली!" पाविया किंचाळला.

अर्नाक जागच्या जागी बसली. तिच्यामागे सगळीच बसली. एकानंही हुकूम मोडला नाही.

तुकडा उलटला तो त्यांच्या पुढेच, त्यांना धक्का लागला नाही. पण त्या लाटेनं त्यांच्याखालचा बर्फ सुटा झाला.

"आता बोलाव ना!" मी त्याला गदागदा हलवलं. तो बोलावतच होता. बर्फाच्या कडकडाटात मला शेजारी उभं राहून ऐकू येईना, तिला कुठून येणार? आमच्याकडे तोंड करून ती पुढच्या हुकमाची वाट बघत बसली होती, आणि बर्फ त्यांना घेऊन समुद्राकडे चालला होता.