पाळकसाहेबांची दाढी

पाळकसाहेबांनी अंथरूण धरलं, तेव्हापासून कोपऱ्यावरचा न्हावी दिवसाआड त्यांच्या घरी दाढी करायला येई. तोंडाचा पट्टा अखंड चालू. चर्चमध्ये मात्र तो कायम शेवटच्या बाकावर बसायचा आणि प्रवचन रंगात आलं की हळूच सटकायचा. साहेबांना ते व्यासपीठावरून स्पष्ट दिसायचं.

त्या सकाळी अर्ध्या चेहऱ्याला फेस लागला होता, तेवढ्यात साहेब म्हणाले, "तुला प्रार्थना येते का रे?"

"जेवणाआधीची येते. तीही भूक लागली असेल तर घाईत."

"माझ्यासाठी एक कर."

न्हावी हसला. "साहेब, माझी कशाला फिरकी घेता?"

साहेब हसले नाहीत. चाळीस वर्षं ते मरणाऱ्यांच्या उशाशी बसले होते, कित्येकांचे डोळे त्यांनी स्वतःच्या हातानं मिटले होते. "लोकांसाठी शब्द कधी कमी पडले नाहीत," ते म्हणाले. "आता स्वतःसाठी मागायला गेलो की तेच शब्द तोंडात येतात. पाठ झालेले. मला त्याच्या दारात भाषण नाही करायचं. त्यानं एकदा माझ्याकडे बघावं, एवढंच हवंय. आणि खरं सांगू? भीती वाटते."

न्हाव्यानं वस्तरा पुसून बाजूला ठेवला. कुरकुरणारे गुडघे त्यानं पलंगाशी टेकले.

"प्रभू, हे आमचे साहेब. घाबरलेत. माझी बायको गेली, तेव्हा हे घरी आले होते. एक शब्द बोलले नाहीत. मोरीत खरकटी भांडी साचली होती, ती घासली आणि गेले. पण ते राहू दे. यांनी काय केलं, काय नाही, ते मोजत बसू नकोस. नुसतं जवळ घे. मला एवढंच येतं. आमेन."

साहेबांच्या गालावरचा फेस ओघळला. "भांडी? मला काहीच आठवत नाही रे."

"मला आठवतं."

मग दर खेपेला दाढीआधी प्रार्थना ठरूनच गेली. कधी न्हावी करी, कधी साहेब. "काही उत्तर आलं का, साहेब?" तो विचारी. साहेब मान हलवत, "नाही अजून." पण खिडकीकडे अशा नजरेनं बघत, जसं दूरगावी गेलेल्या बापाची वाट बघणारं पोर बघतं. पुढे पुढे त्यांचीही प्रार्थना एका ओळीची झाली. "बापा, मला ये म्हण."

एका बुधवारी दुपारी ते गेले. त्यांच्या पत्नीनं, पाळकबाईंनी, शेवटच्या दाढीसाठी न्हाव्याला बोलावणं धाडलं.

तो आला, तर बाईंनी पाणी कोमट करून ठेवलं होतं. आता गारही चाललं असतं, तरी न्हाव्यानं बोट बुडवून ऊब पाहिली. बाई वाटी धरून शेजारी उभ्या राहिल्या.

"मला खरं सांग," त्या म्हणाल्या, "माझ्यापुढे ते नेहमी खंबीर असायचे. मनातून घाबरले होते का रे?"

न्हावी आज पहिल्यांदाच शब्द शोधत होता. "घाबरले होते, बाई. पण हाक मारायचं थांबले नाहीत."

बाईंनी डोळे पुसले. "मग ऐकलं असेल त्यानं."

"ऐकलं असेल," न्हावी म्हणाला, आणि त्यानं ब्रश पाण्यात बुडवला.